टोला मारण्यापूर्वीं

वाशीम जिल्ह्यांतील एखाद्या सुशिक्षित घरीं मुलगा शाळेंतून परत येतो आणि आपली बेसबॉलच्या संघांत निवड झाली असें सांगतो, तेव्हां वडील माणसांच्या चेहऱ्यावर प्रथम कौतुक उमटतें आणि त्याच्या मागोमाग एक प्रश्न. हा खेळ आहे तरी कसला? क्रिकेट सर्वांना ठाऊक. कबड्डी, खोखो तर घरचेच. बेसबॉल म्हटला म्हणजे अमेरिकन चित्रपटांत पाहिलेला गोल दंडुका, डोक्यावर चोंचीची टोपी आणि तोंडांत कांहीं तरी चघळणारा खेळाडू, एवढेंच चित्र डोळ्यांपुढें येतें. तथापि महाराष्ट्राच्या शालेय क्रीडास्पर्धांत बेसबॉल आणि त्याचें भावंड सॉफ्टबॉल या दोन्ही खेळांना स्थान आहे, आणि जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या चढत मुलेंमुली त्यांत खेळतात.

ठराविक पातळीपर्यंत खेळलेल्या विद्यार्थ्याला दहावी-बारावीच्या परीक्षेंत सवलतीचे गुण मिळतात. राज्याच्या शासकीय सेवेंत खेळाडूंसाठीं ५ टक्के जागा राखून ठेवलेल्या आहेत. सवलत योग्यच आहे. परंतु तिच्यामुळें असेंही घडतें कीं, ज्या खेळांत गर्दी थोडी त्याचा संघ स्पर्धेच्या आठ दिवस आधीं उभा केला जातो. धांवणाऱ्यांपैकीं चपळ अशीं बारा-पंधरा मुलें निवडावीं, त्यांच्या हातीं बॅट द्यावी आणि गाडींत बसवून स्पर्धेला न्यावें. मग मालेगांव किंवा मानोरा तालुक्यांतील एखादा तेरा-चौदा वर्षांचा मुलगा, ज्यानें जन्मांत कधीं नीट फेकलेला बेसबॉलचा चेंडू पाहिलेला नाहीं, तो मैदानांत उभा राहतो, तीनदां जीव खाऊन बॅट फिरवितो, तिन्ही वेळां वारा तेवढा हालतो, आणि तो मान खालीं घालून परत येतो. प्रमाणपत्र त्याला मिळतें. पण आपल्याला हा खेळ येणार नाहीं, ही समजूतही त्याच दिवशीं त्याच्या मनांत घर करते. आणि ती खोटी असते. त्याला कोणी शिकविलेलें नसतें, एवढाच तिचा अर्थ.

खेळाचे सर्व नियम सांगण्याचें येथें प्रयोजन नाहीं. फटका मारणाऱ्यापुरतें पाहिलें तर मामला असा. जमिनींत बसविलेली १७ इंच रुंदीची पांढरी रबरी पाटी, तिला होम प्लेट म्हणतात. तिच्या बाजूला बॅट घेतलेला मुलगा. समोर, मोठ्यांच्या खेळांत ६० फूट ६ इंचांवर, मातीच्या १० इंच उंच उंचवट्यावर चेंडू फेकणारा पिचर. चेंडू टप्पा न खातां थेट हवेंतून येतो. तो पाटीच्या रुंदींत आणि गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या उंचींत आला तर चांगला. मुलानें तो सोडला तर एक ‘स्ट्राइक’ त्याच्या नांवावर लागते. या अदृश्य चौकटीच्या बाहेरचा चेंडू सोडला तर ‘बॉल’. तीन स्ट्राइक झाल्या कीं बाद. चार बॉल झाले कीं पहिल्या बेसवर फुकट जागा. आणि बाहेरच्या चेंडूवर बॅट फिरवून हुकला तर तीही स्ट्राइकच. म्हणजे जो मुलगा दिसेल त्या चेंडूवर तुटून पडतो, तो पिचरचें काम आपल्याच हातानें उरकून देतो. फटका शिकविण्याची सारी विद्या या एका गोष्टीभोंवतीं फिरते, आणि आठ दिवसांच्या तयारींत नेमकी हीच गोष्ट राहून जाते.

आतां वऱ्हाडांतील मुलाच्या हाताकडे वळावें. या हाताला टोला नवीन नाहीं. शहरांतील मुलांच्या हातून विटीदांडू सुटत चालला असला, तरी खेड्यांत, देवळामागच्या मोकळ्या जागेंत, तो अजून दृष्टीस पडतो. त्याच्या मोजणींतील वकट, लेंड, मूंड, नाल हे शब्द तेलुगु-कानडी आंकड्यांच्या इतके जवळचे आहेत कीं, हा खेळ केवढ्या जुन्या वाटेनें या प्रांतांत हिंडला असेल याची कल्पना करीत बसावें. असो. येथें महत्त्वाचा आहे तो टोला. जमिनीवर पडलेल्या विटीच्या टोंकावर दांडूनें हलकेच आघात करावयाचा. ती उसळली कीं हवेंतच तिला दुसरा आघात. विटी सरळ उसळेल याची शाश्वती नाहीं; ती फिरते, कलते, कधीं अंगावर येते. घाईनें दांडू फिरविणारा हुकतो. ती कमरेच्या उंचीला येईपर्यंत जो थांबतो आणि मग थोडक्यांत हात फिरवितो, त्याची विटी शेत ओलांडून जाते. हें थांबणें त्याला कोणत्याही शिक्षकानें शिकविलेलें नसतें. विटीनें शिकविलेलें असतें.

बेसबॉलच्या इतिहासांत याच जातीचें शिक्षण घेतलेला एक मोठा खेळाडू आहे. अमेरिकेंतील अलाबामा राज्यांत मोबील येथें वाढलेला हँक एरन लहानपणीं काठीनें बाटल्यांचीं बुचें टोलवीत असे. बूच हवेंत कसें भिरभिरतें हें ज्यानें पाहिलें आहे त्याला या अभ्यासाची कठिणता सांगावयास नको. पुढें या मुलाच्या नांवावर ७५५ होमरन जमा झाले. क्रिकेटमध्यें डॉन ब्रॅडमनची गोष्ट अशीच आहे. पाण्याच्या टाकीखालच्या गोल भिंतीवर गोल्फचा चेंडू आपटावयाचा आणि वेडावांकडा परतणारा तो चेंडू यष्टीच्या काठीनें मारावयाचा, हा त्याचा बाळपणींचा एकट्याचा खेळ होता. १९३२ सालीं न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर ब्रॅडमन आणि बेसबॉलचा सम्राट बेब रूथ यांची गांठ पडली; दोघांचे खेळ वेगळे, पण लहान वस्तु बारीक काठीनें गांठण्याची ब्रॅडमनची विद्या कोणत्याही बेसबॉल-शिक्षकानें मिटक्या मारीत स्वीकारावी अशीच होती.

म्हणून पहिल्या आठवड्यांत ॲल्युमिनियमची महागडी बॅट मुलांच्या हातीं देऊंच नये, हें उत्तम. दांडू द्यावा आणि चिंध्यांचा घट्ट शिवलेला चेंडू द्यावा. जोडीदारानें एका बाजूला गुडघ्यावर बसून तो हलकेच वर उडवावा, आणि मुलानें तो समोरच्या टांगलेल्या सतरंजींत मारावा. अमेरिकेंत हाच अभ्यास जाळें लावून करतात. सतरंजीनें तो तितकाच चांगला होतो, आणि आईची हरकत नसेल तर ओसरीवरही होतो. बारीक दांडूनें ज्याला चेंडू सांपडतो त्याच्या हातीं पुढें २ इंचांहून जाड बॅट आली म्हणजे ती त्याला परातीसारखी रुंद वाटते.

विटीदांडूचें देणें निर्मळ आहे; क्रिकेटचें तसें नाहीं. ज्याला जुन्या मराठींत चेंडूफळी म्हणत, त्या खेळाचा या प्रांतावर केवढा पगडा आहे हें सांगणें नको. विदर्भानें २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ अशी तीनदां रणजी करंडकावर मोहोर उमटविल्यावर तर तो अधिकच वाढला. बेसबॉलला येणारें प्रत्येक मूल क्रिकेट खेळून आलेलें असतें. त्याला चेंडूची भीति थोडी, धांव घेण्याची संवय पुष्कळ, हा फायदा. परंतु क्रिकेटची बॅट सपाट, बेसबॉलची गोल. सपाट फळीवर चेंडू अंमळ इकडेतिकडे लागला तरी चालतें. गोल दांड्यावर अर्ध्या इंचाची चूक झाली तर चेंडू एक तर आकाशांत उडतो, नाहीं तर पायापाशीं आपटतो. क्रिकेटमध्यें मैदानाच्या चारी दिशा मोकळ्या. मागच्या मागें चेंडू वळवून चौकार घेणारा तेथें कलावंत ठरतो. बेसबॉलमध्यें समोरच्या काटकोनांतच चेंडू गेला पाहिजे. मागें गेलेला फटका ‘फाउल’, आणि पहिल्या दोन वेळां त्याची स्ट्राइक धरतात.

शब्दांचीही गंमत आहे. क्रिकेटचा शिक्षक ‘वरचा हात’ म्हणतो तेव्हां उजव्या हाताच्या खेळाडूचा डावा हात त्याच्या मनांत असतो, कारण बॅट खालीं लोंबत असते आणि मुठीच्या टोंकाला डावा हात असतो. बेसबॉलमध्यें बॅट खांद्याजवळ उभी धरलेली. तेथें ‘वरचा हात’ म्हणजे उजवा. हातांची जागा तीच, नांवें मात्र उलट. वरच्या हातानें ओढ, असें शिक्षकानें ओरडून सांगावें आणि गोंधळलेल्या मुलानें नेमकें उलट करावें, हें अशा वेळीं अगदीं साहजिक आहे. यावर उपाय एकच: डावा आणि उजवा असे साधे शब्द वापरावे. आणखी एक खोड हटकून दिसते. फटका बसला कीं मुलगा बॅट घेऊन धांवत सुटतो, कारण क्रिकेटमध्यें तिनें रेघ गांठावयाची असते. येथें बॅट टाकून द्यावयाची. पुष्कळ मुलें तर चांगला फटका मारून, धांवावें कीं नाहीं याचा विचार करीत जागींच उभीं राहतात, कारण क्रिकेटनें त्यांना ती मुभा दिलेली असते. बेसबॉलमध्यें जमिनीवरून फटका गेला कीं धांवलेंच पाहिजे.

परंतु क्रिकेटचा सर्वांत खोल संस्कार मनावरचा आहे, आणि येथें मुंबईच्या शिवाजी पार्कवरील रमाकांत आचरेकर यांची आठवण होते. द्रोणाचार्य पुरस्काराचे मानकरी असलेले हे गुरु २ जानेवारी २०१९ रोजीं निवर्तले. सचिन तेंडुलकर लहान असतांना ते यष्टीवर एक रुपयाचें नाणें ठेवीत. जो गोलंदाज सचिनला बाद करील त्याला तें नाणें. कोणीच करूं शकला नाहीं तर सचिनला. अशीं तेरा नाणीं तेंडुलकरनें जपून ठेवलीं. या एका नाण्यांत क्रिकेटचें सगळें शिक्षण सांठविलेलें आहे: बाद होऊं नकोस. तेथें बाद झालेला मुलगा त्या डावापुरता संपला. तेव्हां विकेट राखणें हा त्याचा पहिला धर्म. बेसबॉलच्या मुलाला राखावयाची विकेटच नाहीं. पाळी पुन्हां पुन्हां येते, बचावाच्या फटक्याला किंमत जवळजवळ शून्य. येथें नाणें ठेवावयाचें तर तें निराळ्या गोष्टीवर ठेवावें लागेल. जो मुलगा बाहेरचा चेंडू ओळखून सोडील, त्याला नाणें. फटका लागो वा न लागो. आचरेकरांच्या युक्तीचें सार तेंच राहतें, बक्षिसाची दिशा तेवढी बदलते. आणि मुलाचें लक्षही बक्षिसाच्या दिशेनें वळतें.

चेंडू सोडणें हें ऐकावयास सोपें वाटतें. मोठ्यांच्या खेळांत ताशीं १४५ किलोमीटर वेगाचा चेंडू पिचरच्या हातून सुटल्यापासून सुमारें ०.४ सेकंदांत पाटीवर येतो. त्यांतला बराचसा भाग बॅट फिरविण्यांतच जातो. म्हणजे चेंडू निम्मी वाट चालून येतो न येतो तोंच मारावें कीं सोडावें याचा निर्णय झालेला असला पाहिजे. ‘चेंडूवर शेवटपर्यंत डोळा ठेव’ हा उपदेश प्रत्येक मैदानावर ऐकूं येतो. तो कोणालाच पाळतां येत नाहीं. टेरी बाहिल आणि टॉम लारिट्झ या संशोधकांनीं १९८४ सालीं प्रसिद्ध केलेल्या लेखांत दाखविलें कीं, व्यावसायिक खेळाडूचाही डोळा चेंडूला पाटीपासून सुमारें साडेपांच फुटांपर्यंतच धरून ठेवूं शकला. पुढें चेंडू नजरेहून वेगवान झाला. क्रिकेटविषयीं मायकेल लँड आणि पीटर मॅक्लिऑड यांनीं २००० सालीं असेंच निरीक्षण मांडलें: फलंदाज चेंडू सुटतांना पाहतो, मग त्याची नजर उडी मारून टप्प्याच्या जागीं आधींच जाऊन बसते, आणि जो खेळाडू चांगला त्याची ही उडी लवकर. तात्पर्य, डोळा चेंडूचा पाठलाग करीत नाहीं. तो सुरुवातीचा अंश पाहून पुढचें भाकीत करतो.

तेव्हां शिक्षकानें मुलाला शेवट पाहावयास सांगण्याऐवजीं आरंभ पाहावयास शिकवावें. पिचरचा हात जेथून चेंडू सोडतो, त्या खांद्याजवळच्या जागेवर नजर ठेवावयाची. बॅट खांद्यावर, आणि ती फिरवावयाची नाहीं. वीस चेंडू नुसते येऊं द्यावयाचे. प्रत्येक चेंडू अर्ध्या वाटेवर असतांनाच मुलानें मोठ्यानें म्हणावें, ‘आंत’ किंवा ‘बाहेर’. पाटीमागें बसलेला कॅचर खरें काय तें सांगतो. पहिल्या दिवशीं मुलें कंटाळतात, हंसतात, बॅट फिरवूं द्या म्हणून हट्ट धरतात. पण चार-सहा दिवसांत त्यांचें उत्तर लवकर येऊं लागतें आणि बरोबर येऊं लागतें. ज्या मुलाच्या तोंडून ‘बाहेर’ हा शब्द वेळेवर निघतो, त्याचा हातही मग वेळेवर थांबतो.

या बाबतींत टेड विल्यम्सचा दाखला देण्याजोगा आहे. १९४१ सालीं त्यानें ०.४०६ ही सरासरी गांठली. त्यानंतर अमेरिकेच्या दोन मुख्य लीगांत संपूर्ण हंगामांत ०.४००ची रेघ कोणीही ओलांडलेली नाहीं. पुढें ‘द सायन्स ऑफ हिटिंग’ या पुस्तकांत त्यानें एक चित्र दिलें. स्ट्राइकची चौकट त्यानें ७७ चेंडूंनीं भरून दाखविली आणि कोणत्या जागेच्या चेंडूवर आपली सरासरी किती राहील तें प्रत्येकावर लिहिलें. मधोमध ०.४००, खालच्या बाहेरच्या कोपऱ्यांत ०.२३०. एकच मनुष्य, एकच बॅट, आणि चेंडूची निवड बदलली तर निम्म्याच्या जवळपास घसरण! चांगला चेंडू मिळेपर्यंत थांब, हा धडा त्याला तरुणपणीं रॉजर्स हॉर्न्सबी या जुन्या खेळाडूकडून मिळाला होता. हें चित्र प्रत्येक मुलाकडून त्याच्या स्वतःच्या उंचीप्रमाणें वहींत काढून घ्यावें. कोणाला वरचा चेंडू जमतो, कोणाला खालचा; पंधरा दिवसांच्या अभ्यासानंतर मुलानें आपल्याच हातानें त्यांत रंग भरावा. शिक्षकाच्या दहा व्याख्यानांपेक्षां हा रंग अधिक बोलतो.

शरीराचा भाग यानंतर यावा. फटक्याचा जोर दंडांत आहे असें प्रत्येक मुलाला वाटतें, आणि आखाड्यांत दंड घुमविणाऱ्या पोराला तर खात्रीच असते. पण जोर जमिनींतून येतो. मागच्या पायावरचा भार पुढें सरकतो, कंबर वळते, कंबरेमागून खांदे, खांद्यांमागून हात आणि सर्वांत शेवटीं बॅट. आसूड ओढावा तसा हा क्रम आहे. हात आधीं सुटले तर आसुडाचें नुसतें लांकूड हातीं राहतें. चेंडू उंचवट्यावरून किंचित् खालीं उतरत येतो, म्हणून बॅटही सपाटीहून अंमळ वर चढत जावी, असें विल्यम्सचें मत होतें. लहान मुलाला मात्र हें सांगूं नये. तो लगेच आकाशाकडे बॅट फेकूं लागतो. त्याला जमिनीला समांतर फटका पुरे.

कंबर वळविण्याची ही विद्या वऱ्हाडाला परकी वाटण्याचें कारण नाहीं. जपानांत १८७२च्या सुमारास होरेस विल्सन या अमेरिकन शिक्षकानें विद्यार्थ्यांना बेसबॉल शिकविला, आणि जपान्यांनीं त्यांत आपली तालीम मिसळली. चेंडूवांचून रोज शेंकडो वेळां बॅट फिरविणें, ज्याला ते सुबुरी म्हणतात, हें तेथील तलवारीच्या आखाड्यांतूनच आलेलें आहे. जपानचा सर्वश्रेष्ठ फटकेबाज सादाहारू ओ याला त्याचे गुरु हिरोशी आराकावा यांनीं छताला टांगलेली कागदाची पट्टी खऱ्या तलवारीनें कापावयास लावली होती. एका पायावर उभा राहून फटका मारणाऱ्या या खेळाडूनें ८६८ होमरन केले. आपल्याकडे मुदगल आहेत, लाठी आहे. अमरावतीचें हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ अंबादासपंत व अनंत वैद्य या बंधूंनीं १९१४ सालीं स्थापिलें आणि १९३६ सालीं बर्लिन ऑलिंपिकच्या वेळीं तेथील पथकानें देशी खेळांचीं प्रात्यक्षिकें करून दाखविलीं. मुदगल फिरवितांना कंबर आधीं वळते कीं हात, हें ज्यानें तालमींत पाहिलें आहे त्या शारीरिक शिक्षकाला बेसबॉलच्या फटक्याचें अर्धें रहस्य आधींच ठाऊक असतें. त्याला तें ठाऊक आहे हें मात्र कोणी तरी सांगावें लागतें.

भीतीचा प्रश्न नाजूक आहे. चेंडू १४५ ग्रॅमच्या आसपास वजनाचा, कठीण, आणि टप्पा न खातां येणारा. डोक्यावर शिरस्त्राण असलेंच पाहिजे. त्यावांचून कठीण चेंडूनें अभ्यास करूंच नये. एकदां बरगडींत चेंडू बसला कीं मुलाचा पुढचा पाय पुढें पडण्याऐवजीं बाजूला पळूं लागतो. अशा वेळीं त्याला भित्रा म्हणणाऱ्या शिक्षकानें त्या मुलाचा खेळ संपविला असें समजावें. टेनिसचा चेंडू घ्यावा, अंतर कमी करावें, आणि अंगावर येणाऱ्या चेंडूकडे छाती न करतां पुढचा खांदा आंत वळवून पाठीवर चेंडू झेलावयाचा, हें मुद्दाम शिकवावें. मऊ चेंडू चारदां पाठीवर बसला कीं मुलें तो खेळच करून टाकतात. अमेरिकेंत १९३९ सालीं सुरू झालेल्या लिटल लीगमध्यें बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना ४६ फुटांवरून चेंडू टाकतात आणि अगदीं चिमुरड्यांना तर तो खुंटीवर ठेवून मारावयास देतात. जमिनींत रोंवलेला बांबूचा तुकडा आणि त्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबची गुंडाळी, एवढ्यांत ही खुंटी तयार होते.

शाळेच्या तासाची अडचण खरी आहे. पस्तीस मिनिटांचा तास आणि तीस मुलें. एकानें मारावें आणि एकोणतिसांनीं उभें राहावें, ही पद्धत धरली तर प्रत्येकाच्या वांट्याला एक मिनिट येतें. त्याऐवजीं पांच-पांचांच्या टोळ्या कराव्या: एक खुंटीपाशीं, एक सतरंजीपाशीं, एक नुसती बॅट फिरविणारी, एक ‘आंत-बाहेर’ म्हणणारी, बाकीच्या दोन झेल घेणाऱ्या. सहा मिनिटांनीं जागा बदलाव्या. पावसाळ्यांत वाशीमची काळी माती बुटांना लगदे धरते आणि मैदान दोन-दोन आठवडे निकामी होतें, आणि शालेय स्पर्धांचे दिवस तर त्याच सुमारास सुरू होतात. खुंटी आणि सतरंजी यांना मैदान लागत नाहीं, व्हरांडा पुरतो. सोयाबीन निघाल्यावर शेतें मोकळीं होतात, तेव्हां मोठ्या फटक्यांची हौस फेडून घ्यावी.

आतां घरच्या माणसांविषयीं. सादाहारू ओची आयुष्यभराची सरासरी ०.३०१ होती, हँक एरनची ०.३०५. म्हणजे या थोर पुरुषांनीं प्रत्येक दहा संधींपैकीं सुमारें सात वाया घालविल्या. परीक्षेंत दहापैकीं तीन गुण मिळविणाऱ्या मुलाचें घरीं जें स्वागत होतें, त्याच मापानें बेसबॉलच्या मुलाला मोजलें तर त्याच्यावर घोर अन्याय होईल. ‘किती धांवा केल्यास?’ हा प्रश्न क्रिकेटनें आपल्या घरांना लावलेला आहे. ‘बाहेरचे किती सोडलेस?’ हा प्रश्न विचारून पाहावा. विचारणाऱ्याला खेळ कळतो असें पाहून मुलगा चकित होतो, आणि मग भाकरीचा घास हातांत तसाच धरून दहा मिनिटें बोलत राहतो.

मुलींचा सॉफ्टबॉल हा सोपा बेसबॉल आहे, असा एक समज आहे. चेंडू १२ इंच परिघाचा, म्हणजे मोठा खरा. पण तो मोठ्यांच्या स्पर्धांत अवघ्या ४३ फुटांवरून, हात कमरेखालून चक्रासारखा फिरवून टाकला जातो. ताशीं १०० किलोमीटर वेगानें टाकलेला असा चेंडू पाटीवर यावयास लागणारा वेळ बेसबॉलच्या वेगवान चेंडूइतकाच, सुमारें ०.४ सेकंद. शिवाय तो खालून सुटतो, त्यामुळें नजर खांद्याजवळ नव्हे तर पिचरच्या मांडीजवळ ठेवावी लागते. मुलांना शिकवून आलेला शिक्षक हा फरक विसरला तर मुलींचे फटके सारखे उशिरा पडतात.

लॉस एंजेलिस येथील २०२८च्या ऑलिंपिकच्या कार्यक्रमांत बेसबॉल-सॉफ्टबॉल आणि क्रिकेट हे दोन्ही खेळ घेण्याचें २०२३ सालीं ठरलें. दूरदर्शनच्या पडद्यावर असे सामने पाहण्याचा योग येईल तेव्हां घरच्या मुलाला किंवा मुलीला जवळ बसवावें, आणि पंचाचा हात वर होण्यापूर्वीं ‘आंत’ कीं ‘बाहेर’ तें मोठ्यानें म्हणावयास सांगावें. वडील माणसांनींही म्हणून पाहावें. पहिल्या डावांत मुलाचें उत्तर आजोबांच्या उत्तरापेक्षां पुष्कळदां बरोबर येतें.